डाव्या पिळाचा दोर

दोर तपासायचा तो डोळे मिटून, असं लेओकादियाचं म्हणणं होतं. डोळे रंग बघतात, जाडी बघतात आणि फसतात. तळवा फसत नाही. लामाच्या लोकरीचा दोर ती मुठीतून हळूहळू सरकवत न्यायची, मधेच थांबायची आणि म्हणायची, "इथपर्यंत नीट वळलंय. इथे कोणीतरी भांडायला उठलं होतं." तो आणणारी बाई खाली बघायची. म्हणजे उठली होतीच.

लेओकादिया माझी धर्ममाता. बाप्तिस्म्याला तिनं मला हातावर धरलं, माझे पहिले केस तिनं कापले, आणि आई गेल्यावर दर रविवारी उकडलेल्या बटाट्यांचं गाठोडं तिच्या घरून यायचं. तेव्हा लिहिताना मी तिची बाजू घेते आहे असं कोणाला वाटलं तर वाटू दे. जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं, आणि त्यात तिची चूक होती हेही मी लपवणार नाही.

आमचं तांकार गाव आंकापाताच्या खांद्यावर बसलेलं आहे. जुन्या लोकांनी, इंकांच्या काळात, तो अख्खा डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी बांधून काढला. पायरी म्हणजे शेत. प्रत्येक शेताला खालून दगडी भिंत, आणि भिंत किंचित डोंगराकडे रेललेली, दमलेल्या माणसानं पाठ टेकावी तशी. माथ्यावर देवघराचे दरवाजे अजून उभे आहेत, खाली रुंद आणि वर निमुळते. त्यांच्यातून बघितलं की बरोबर मधोमध आपू साल्का दिसतो, आमचा डोंगरदेव, बारा महिने बर्फाची टोपी घातलेला. त्याच्या पायथ्याचं पाणी दगडी पन्हळीतून, कुंडाकुंडातून उतरत आमच्या दारापर्यंत येतं. मका आम्ही अजून त्याच पायऱ्यांवर पेरतो. वरच्या भिंतींवर नेचे आणि लाल फुलांची झुडपं माजतात, ती काढायला बायकापोरी जातात, गप्पा मारत. त्यात भीती नाही.

सगळ्यात खालच्या भिंतीची गोष्ट वेगळी. ती दरीच्या तोंडावर आहे. तिच्या खालीही एके काळी एक पायरी होती, ती दरीनं कधीच गिळली. खाली उतरायला भिंतीतून बाहेर आलेले दगड आहेत, एकाखाली एक, तिरके. खालची पायरी गेली आणि हा जिना तेवढा राहिला. त्याच्या शेवटच्या दगडाखाली नुसती हवा, त्याखाली ढग, आणि ढगाखाली नदी ओरडत असते.

त्या भिंतीच्या पायथ्याशी दगडांमध्ये मुद्दाम ठेवलेल्या फटी आहेत. वरच्या सगळ्या पायऱ्यांत मुरलेलं पावसाचं पाणी त्या फटींतून दरीत पडतं. फटी मोकळ्या आहेत तोवर भिंत उभी आहे. फटीत बांबूची मुळं शिरली की पाणी आत कोंडतं आणि भिंतीला पोट सुटतं. ती भिंत गेली तर तिच्या वरची जाणार, मग तिच्या वरची, आणि पायऱ्यांच्या टोकाला आमची घरं. आमच्याकडे पाऊस नाताळाच्या सुमाराला लागतो, म्हणून दरवर्षी त्याच्या आधी, ऑगस्टात, गावातला एक माणूस दोरानं खाली उतरतो आणि फटी साफ करतो. पाळी घरामागून घर अशी फिरते.

तो दोर कोणा एकाचा नसतो. प्रत्येक घरानं आपला तुकडा वळून आणायचा, तीन पेडांचा, उजव्या पिळाचा. मग सगळे तुकडे टोकाला टोक गाठून एक लांब दोर करायचा आणि प्रत्येक गाठीत लाल लोकरीचा गोंडा खोवायचा. उतरणाऱ्याच्या कमरेला त्याच्याच घरचा तुकडा असतो, घराचा हात कमरेभोवती असावा म्हणून. सगळ्यांचे तुकडे तपासायचं काम लेओकादियाचं होतं. तिच्या आधी ते तिच्या सासूचं होतं. बायकांनी वर बसून दोर तपासायचा, पण त्या भिंतीच्या कडेपलीकडे पाऊल टाकायचं नाही. दरी हेवेखोर आहे, बाईचा पाय दिसला की ती पुरुष मागते, असं आमच्यात मानतात.

लेओकादियाचा नवरा फोर्तुनातो त्याच भिंतीवरून गेला. दोर तुटला नव्हता. एक मूळ हाताला येईना म्हणून त्यानं कमरेचा फास ढिला केला, असं सगळे समजतात. वर आला तो नुसता दोर. "तुझा दोर अखंड होता गं, लेओकादिया," असं गाव तिला कितीतरी दिवस सांगत राहिलं, जसं काही त्यानं तिचं दुःख कमी होणार होतं. दोन मुलं तिची लहानपणीच गेली होती. उरला एक नाझारियो.

मी सांगते त्या वर्षी ऑगस्टात गावात गोवर शिरला. घरोघरी माणसं पडली, दोन पोरं दगावली, आणि भिंतीची आठवण कोणाला राहिली नाही. फेब्रुवारीत पाऊस असा लागला की थांबेना. मग एका सकाळी सिप्रियानो मक्यात पाणी तुंबलंय का बघायला गेला आणि धावत आला. भिंतीला पोट सुटलं होतं. वाकून बघितलं तर फटींतून थेंबभरही पाणी पडत नव्हतं.

गाव देवळासमोर जमलं. आमचा मुखिया तेव्हा ताइता मेलचोर होता. आमच्यात मोठ्या पुरुषाला ताइता म्हणतात, म्हणजे बाबा, आणि मोठ्या बाईला ममाय, म्हणजे आई. मानाची काठी हातात धरून तो उभा राहिला. ती काठी काळ्या चोंटा लाकडाची, चांदीच्या कड्यांची, वर चांदीचा क्रूस. ती जमिनीवर ठेवायची नाही, तिनं कुत्रंसुद्धा हाकलायचं नाही, आणि बाईनं तिला हात लावायचा नाही.

"पाळी तुमच्या घराची आहे, ममाय," मेलचोर खाली बघत म्हणाला.

"माहीत आहे मला," लेओकादिया म्हणाली.

म्हातारी व्हिसेंता कोपऱ्यातून म्हणाली, "पाळी बदला की! सिप्रियानोच्या घरी तीन धट्टेकट्टे मुलगे बसून मक्याची चिचा ढोसतात. त्यातला एक पाठवा. कमी झाला तर चिचा तरी उरेल."

"ढोसतात ती तूच गाळलेली असते, म्हातारे!" सिप्रियानो म्हणाला.

"म्हणून तर सांगतेय. मला माहीत आहे त्यांच्या पोटात किती मावतं ते."

लोक हसले, पण हसणं लगेच विरलं. नाझारियो पुढे आला. तो तेव्हा पंचविशीचा असेल, रुंद खांद्यांचा, आईसारखाच कमी बोलणारा. "मी जातो. पाळी आहे. भिंतीला माझ्या जागी दुसरा कोणी चालेल, पण मला चालणार नाही."

पाऊस थोडा थांबला की उतरायचं ठरलं, आणि तोवर सगळ्या घरांनी तुकडे वळून आणायचे.

त्या दुपारी मी भाजलेले वाल घेऊन तिच्याकडे गेले, तर दार आतून लावलेलं. लोकर वळायला आमच्यात कोणी दार लावत नाही. उंबऱ्यात बसून, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलतच वळतात. मी हाक मारली. आतून म्हणाली, "वाल दारात ठेव, पोरी. हात गुंतलेत."

आत ती काय करत होती हे आम्हांला नंतर कळलं. तुम्हांला मात्र मी आत्ताच सांगते. ती आपल्या घरचा तुकडा डाव्या पिळानं वळत होती.

डावा पीळ म्हणजे काय हे आमच्यात लहान पोरालाही कळतं. रोजचं सगळं उजव्या पिळाचं, कपड्याचं सूत, दोर, गोफण. डाव्या पिळाचा धागा वेगळा ठेवायचा. गर्भार बाईच्या घोट्याला, तान्ह्याच्या मनगटाला, लांबच्या वाटेला निघालेल्याच्या पायाला तो बांधायचा. वाईट वारं त्यावर उलटं घसरतं आणि निघून जातं. मेलेल्या माणसालाही शेवटचं बांधायचं ते डाव्याच पिळानं. उंबऱ्यावर उभ्या असलेल्यांसाठी तो धागा, कोणी आत येत असो की बाहेर जात असो. पण त्याचा धागाच करतात, एखादं सूत. डाव्या पिळाचा दोर करून त्याला ओझं लावायचं असं कोणी कधी केलं नव्हतं. आणि केलं नव्हतं म्हणूनच काय होतं ते कोणालाही माहीत नव्हतं, लेओकादियालासुद्धा.

फोर्तुनातोच्या पायाला धागा होता. तरी तो गेला. तेव्हा एक धागा पुरत नाही, असं तिनं मनाशी धरलं. पोराच्या कमरेला अख्खा डावा दोरच घालायचा ठरवलं. तिच्या तुकड्याला तपासणारं तर कोणी नव्हतंच.

दोन दिवसांनी सकाळी ढग थोडे वर उचलले गेले आणि आपू साल्काचा खांदा दिसला. सगळे खालच्या भिंतीवर जमले. मेलचोरनं कोकाची तीन चांगली पानं निवडली, डोंगराकडे तोंड करून त्यांवर फुंकर घातली आणि ती दगडाखाली ठेवली. मी मनातल्या मनात मारियामातेला हाक मारली. दोन्हींत काही भांडण आहे असं आम्हांला कधी वाटलं नाही.

लेओकादिया डोळे मिटून एकेक तुकडा मुठीतून काढत होती आणि पुढे देत होती. पुरुष गाठी मारत होते. शेवटी तिनं आपला तुकडा काढला. तो वरून काळ्या लोकरीनं गच्च गुंडाळलेला होता, पीळ दिसतच नव्हता.

"अगं, दोराला पोंचो घातलास की काय?" व्हिसेंता म्हणाली. "थंडी वाजते वाटतं त्याला."

"ओल लागू नये म्हणून," लेओकादिया म्हणाली. तिनं वर बघितलं नाही.

नाझारियोच्या कमरेला फास तिनंच बांधला. ओढून बघितला, परत ओढून बघितला.

"आई, श्वास घ्यायला जागा ठेव."

"श्वास वर आल्यावर घे. काहीही झालं तरी फास सोडायचा नाही. मूळ नाही आलं हाताला तर नाही आलं."

"नाही सोडणार."

"माझ्याकडे बघून सांग."

"नाही सोडणार, आई."

तो कडेवरून जिन्याच्या दगडांवर उतरला. कोयती पाठीला, पाय अनवाणी, दगड शेवाळलेले. सिप्रियानो आणि त्याचे मुलगे दोर धरून मागे बसले, टाचा मातीत रुतवून. कडेवर मेंढीचं कातडं टाकलं होतं, दोर त्यावरून सरकत होता. लेओकादिया कडेशी पालथी पडून डोकं बाहेर काढून बघत होती, उजवा तळवा दोरावर. कडेपलीकडे फक्त डोकं, तेवढं चालतं. मी तिच्या शेजारी गुडघ्यावर बसून तिचा घागरा धरला होता. का धरला होता ते मला माहीत नाही.

शेवटच्या दगडावरून त्यानं दोरावर भार टाकला आणि तो बाजूला, फटींकडे झुलला. गेला. खालून कोयतीचा आवाज येऊ लागला, ठक, ठक, मग थांबणं, मग पुन्हा ठक. नदीच्या आवाजात तो कधी ऐकू यायचा, कधी नाही. पाऊस परत भुरभुरायला लागला. भिंतीच्या आतून अधूनमधून गुरगुरल्यासारखा आवाज यायचा. आत दगड हलत होते.

"पोट वाढतंय," मेलचोर हळूच म्हणाला. "लवकर उरक, पोरा. लवकर."

तेवढ्यात मला लेओकादियाचं अंग ताठ झालेलं जाणवलं. मीही वाकून बघितलं. जिन्याच्या खालच्या दगडांच्या बाजूला, भिंतीला लागून, तिच्या तुकड्याची आणि पुढच्या तुकड्याची गाठ लोंबत होती. तिच्यातला लाल गोंडा आमच्याकडे होता. मग तो भिंतीकडे गेला. मग परत आमच्याकडे आला. मग भिंतीकडे. गाठ फिरत होती. टकळीसारखी, हळूहळू, एकाच दिशेनं, न थांबता.

टकळी तिच्याइतकी कोणी फिरवली नव्हती. काय चाललंय ते तिला तेव्हाच कळलं. दोरावर ओझं पडलं की तो पीळ सोडू बघतो. दोन्ही तुकडे एकाच पिळाचे असले तर दोघं गाठीला उलटसुलट खेचतात आणि गाठ जागच्या जागी राहते. इथे एक उजवा होता आणि एक डावा. दोघं मिळून गाठ एकाच बाजूला फिरवत होते आणि फिरता फिरता दोघांचेही पेड उसवत होते. गाठीच्या वरचा दोर वेणी सोडलेल्या केसांसारखा सुटा दिसायला लागला होता. काळी लोकर फाटून खाली लोंबत होती.

आणि त्याच वेळी खाली काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. फट मोकळी झाली होती. पिवळं, मातकट पाणी धनुष्यासारखं बाहेर पडलं आणि दरीत कोसळलं. मागचे पुरुष ओरडले. खालून नाझारियोचा आवाज आला, आनंदानं फाटलेला, "झालं! ओढा आता! ओढा रे!"

सिप्रियानोनं पाय रोवले. "चला, एकदम..."

"ओढू नका!" लेओकादिया किंचाळली. "थांबा! कोणी ओढू नका!"

"काय झालं? पोरगा ओढा म्हणतोय!"

"ओढलात तर दोर उसवेल. माझा तुकडा डाव्या पिळाचा आहे."

कोणाला कळलंच नाही. सिप्रियानो दोर धरून तसाच बघत राहिला. "डावा? डावा म्हणजे?"

"डावा म्हणजे डावा! मी मुद्दाम वळलाय. दोन पीळ एकमेकांना सोडतायत. गाठ फिरतेय. धरून ठेवा, हात हलवू नका." ती उठली होती. पायात काही नव्हतं, टोपी केव्हाच पडली होती. तिनं आजूबाजूला बघितलं, काहीतरी शोधल्यासारखं. सगळ्या कोयत्या आखूड होत्या. पहारी वर शेडात होत्या. तिची नजर मेलचोरच्या हातावर गेली.

"काठी द्या."

"ही? ममाय, ही मानाची..."

तिनं ती त्याच्या हातातून ओढून घेतली. मेलचोर तोंड उघडं ठेवून उभाच राहिला. ती कडेशी गेली, काठी पाठीवर शालीत खोवली आणि भिंतीकडे तोंड करून पहिल्या दगडावर पाय ठेवला.

"ए बाई!" मेलचोरला आवाज फुटला. "पाय काढ तिथून! दरी..."

"दरीला माझा नवरा मिळालाय," ती खाली उतरत म्हणाली. "तिचं माझं बोलणं झालंय."

मी कडेशी पालथी पडले. खाली बघायचं नाही असं ठरवलं आणि बघत राहिले. ती एकेका दगडावर आधी पायाची बोटं टेकवायची, शेवाळ चाचपायची, मग टाच. हात भिंतीतल्या सांध्यांत. ते सांधे इतके घट्ट की बोट शिरत नाही, पण दगडांच्या कडा किंचित फुगीर आहेत, तिथे नखं अडकतात. एकदा तिचा पाय घसरला. तिनं आवाज केला नाही. माझ्या मागे व्हिसेंता मोठ्यानं प्रार्थना म्हणायला लागली आणि मधेच शब्द विसरून पहिल्यापासून म्हणायला लागली.

खालून नाझारियो ओरडला, "अरे झोपलात का वर? पाण्यात भिजून मी फुगतोय!"

सिप्रियानोनं टाचा आणखी रुतवल्या.

लेओकादिया शेवटून दुसऱ्या दगडावर पोचली. गाठ तिच्या खांद्याइतक्या उंचीवर, हातभर लांब होती. तिनं एका हातानं वरचा दगड धरला, दुसऱ्यानं गाठ पकडली आणि उलटी फिरवली. एकदा, दोनदा. मग काठी शालीतून काढली. गाठीच्या वर जिथे पेड सुटे झाले होते तिथे, पेडांच्या मधून काठी आरपार घुसवली, चांदीच्या क्रूसासकट, आणि आडवी करून भिंतीला सपाट टेकवली. दोर पुन्हा फिरायला गेला. काठीचं टोक भिंतीवर दाबलं गेलं आणि फिरणं थांबलं. लाल गोंडा आमच्याकडे तोंड करून थांबला.

"ओढा," ती म्हणाली. ओरडली नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "हळू. झटका नको. आईच्या मांडीवरून झोपलेलं पोर उचलता तसं."

दोर सरकायला लागला. काठी भिंतीवर खरडत वर चालली. लेओकादिया तिचं टोक हातानं भिंतीला दाबून धरत तिच्यासोबत एकेक दगड चढू लागली. पण जिना तिरका आहे आणि दोर सरळ जातो. प्रत्येक दगडाला तिच्यात आणि काठीत अंतर वाढत गेलं. तिचा हात ताणत गेला. मग फक्त बोटं टेकत होती. मग तिनं ती सोडली.

तेवढ्या वेळात मी देवाला काय काय कबूल केलं ते आठवत नाही. काठी एकटीच वर येत होती, आडवी, भिंतीला चिकटून, आणि चांदीचं एक कडं निसटून टणकन दगडावर आपटून दरीत गेलं. एक पेड तुटला. आवाज झाला. सिप्रियानोच्या मोठ्या मुलानं डोळे मिटून घेतले पण हात सोडले नाहीत. काठी कडेला येऊन अडकली, आणि मेलचोर, आमचा मुखिया, गुडघ्यांवर बसला, कडेबाहेर वाकला आणि गाठीच्या खालचा काळा दोर त्यानं दोन्ही हातांनी धरला. मग आम्ही सगळ्यांनीच धरला. मीसुद्धा.

नाझारियो कडेवर आला तो चिखलानं माखलेला, ओठ निळे, आणि रागावलेला. "मला काय खाटकाकडचं बकरं समजलात? इतका वेळ लोंबकळत..." मग त्याला दिसलं की कोणीच त्याच्याकडे बघत नाही. सगळे कडेकडे बघत होते. जिन्याच्या वरच्या दगडावरून त्याच्या आईचं डोकं वर येत होतं. सिप्रियानोनं तिला काखेत हात घालून उचलून घेतलं.

"आई! तू खाली काय करत होतीस?"

"फुलं तोडत होते," ती म्हणाली, आणि तिथेच बसून ओकली.

खाली पाणी पडत होतं. मेलचोरनं दोरातून काठी काढली. कडं गेलेलं, क्रूस वाकलेला, लाकडावर पांढरे ओरखडे. तो ती हातात घेऊन नुसता बघत राहिला.

व्हिसेंतानं नाक पुसलं आणि म्हणाली, "इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा या काठीनं काम केलं."

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले, रडल्यासारखे. मेलचोर हसला नाही. तो लेओकादियासमोर उकिडवा बसला.

"ममाय, आजपासून दोर तपासायचं काम तुमच्याकडे नाही."

"बरोबर आहे," ती म्हणाली.

"मला राग आहे म्हणून नाही."

"राग असला तरी बरोबर आहे. सगळ्यांचे तपासले मी. माझा कोणाला तपासू दिला नाही."

नाझारियो तोवर आपल्या कमरेचा तुकडा हातात घेऊन फाटलेली काळी लोकर उलगडत होता. खालचा पीळ त्याला दिसला. त्यानं अंगठ्यानं तो चाचपला. मग विचारलं, "बाबांच्या वेळी दोर उजवा होता?"

"उजवाच होता."

"म्हणून?"

"म्हणून."

नाझारियोनं आपला पोंचो, पिळून काढण्याइतका ओला, तिच्या खांद्यावर टाकला. त्यानं तिला ऊब काय मिळणार, पण तिनं तो काढला नाही.

भिंतीचं पोट काही आत गेलं नाही, पोट सुटलेली भिंत कधी पूर्ववत होत नाही. पण ती त्या पावसात टिकली, आणि अजून उभी आहे. त्या वर्षापासून आमच्यात रीत बदलली. दोर दोघीजणी तपासतात, आणि एकीचा तुकडा दुसरीनं तपासायचा. वरून काही गुंडाळायचं नाही. काठीवरचे ओरखडे कोणी घासून काढले नाहीत. नवा मुखिया झाला की मावळता मुखिया त्याला ती काठी देताना आधी ओरखड्यांवरून त्याचा अंगठा फिरवतो. का, ते कोणी सांगत नाही आणि कोणी विचारत नाही.

लेओकादिया पुढे पुष्कळ वर्षं जगली. दोराला तिनं पुन्हा हात लावला नाही, पण उंबऱ्यात बसून मला शिकवलं, डोळे मिटायला लावून. मी चुकले की टकळीचा दांडा माझ्या बोटांवर बसायचा. दरवर्षी नाझारियोची पाळी नसली तरी भिंतीचा दिवस उजाडला की ती देवळात जाऊन बसायची, दोर वर येईपर्यंत. मेणबत्ती लावायची नाही. "मी काही मागायला येत नाही," म्हणायची. "मला तिथे बसवत नाही, म्हणून इथे बसते."

तिचा तो डावा तुकडा जाळून टाका असं काहींचं म्हणणं होतं. नाझारियोनं दिला नाही. त्यानं तो घरात खुंटीला टांगून ठेवला, मक्याच्या कणसांशेजारी. ती गेली तेव्हा आम्ही तो काढला. मधोमध कापून दोन केले, एक डोक्याकडे आणि एक पायांकडे, आणि त्यांवर तिला कबरीत खाली उतरवलं. मेलेल्याला डावाच पीळ लागतो, आणि या वेळी दोन्ही दोर डावेच होते. नाझारियो डोक्याकडे उभा होता. "हळू," तो आम्हांला म्हणाला. "झटका नको."